हॉटेल बंद असण्याची चार कारणं

१

बुधवारी दुपारी नळ-पाईपांचा सगळा बाजार अर्धा दिवस शटर ओढतो. त्या बंद शटरांच्या ओळीतून नळवाले एकटेच, भिंतीच्या कडेकडेनं, सासुरवाडीहून पळालेल्या जावयासारखे कुठे निघतात, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मटण खायला. "दुकानात नळ, ताटात नळी," असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि नळवाले त्यावर सगळ्यांत आधी हसायचे. गिऱ्हाइकाच्या विनोदावर हसायला पैसे पडत नाहीत, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण.

खाणाऱ्याची पारख करायची तर त्याचं ताट जेवण झाल्यावर पाहावं. नळवाल्यांच्या ताटात राहिलेली हाडं इतकी स्वच्छ असायची की हॉटेलातलं मांजर एकदा हुंगायचं आणि अपमान झाल्यासारखं निघून जायचं. शहरात त्यांची लाडकी हॉटेलं चार. पुलाखालचं, बाजारातलं, सिनेमासमोरचं आणि सगळ्यांत जुनं, हिरव्या दाराचं. शेवटच्यात मात्र ते हल्ली जात नसत.

त्या बुधवारी पुलाखालच्या हॉटेलचं दार ओढलेलं होतं. कडीला पाटी : 'आज बंद आहे'. उंबऱ्याखालून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यातून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक प्लंबर बाहेर येत होता. नळवाल्यांचं जुनं गिऱ्हाईक. उंचीमुळे सगळे त्याला खांब म्हणायचे.

"शेठ! बिघाडाचा वास बरा लागतो तुम्हाला!"

"वास लागला होता खरा, पण रश्श्याचा. काय झालं रे?"

"मेन लाईन फुटली. आणि हे बघा काय निघालं."

खांबाच्या तळहातावर एक पितळी एल्बो होता, पाईप वळवायचा जोड. कोपऱ्यातून बोटभर लांब तडकलेला.

नळवाल्यांनी तो हातात घेऊन वजन केलं. "पितळी? अरे, हा माल वीस वर्षांत कुणी विकला नाही."

"तेच तर! मालक शपथ घेऊन सांगतो, दोन वर्षांपूर्वी सगळी लाईन नवी टाकली, प्लास्टिकची. मीच टाकली! मग हा आला कुठून?"

"जुना माल चिवट असतो रे. तुझ्यासारखा. कितीही काढा, राहतोच कुठेतरी."

दोघं हसले. नळवाले परत फिरले, आणि चौकात सिग्नल हिरवा झाला तरी जागचे हलले नाहीत. मागचा माणूस त्यांना चुकवून, काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

'पितळी एल्बो तडकला, बोटभर चीर गेलीय.' हे वाक्य त्यांनी आज ऐकलेलं नव्हतं. खांब तसं म्हणालाच नव्हता. ते त्यांनी स्वतः म्हटलं होतं. पाच महिन्यांपूर्वी, घरी, दादाला.

२

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच दुकान उभं केलं, आणि धाकट्याला मटण खायला शिकवलं तेही त्यानंच. पहिल्या कमाईचे पैसे हातात आले तेव्हा तो धाकट्याला हिरव्या दाराच्या हॉटेलात घेऊन गेला. तिथे घाईघाईत खाताना धाकट्याला घास अडकला, डोळे पांढरे झाले, तेव्हा दादानं त्याच्या पाठीत अशी थाप मारली की हाड थेट समोरच्या गिऱ्हाइकाच्या ताटात. "माफ करा हं," दादा त्या गृहस्थाला म्हणाला होता, "भाऊ आहे माझा. उपाशी नाही, अधाशी आहे." सगळं हॉटेल हसलं होतं.

मग चाळीस वर्षांनी दादाची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं लटपटू लागलं. डावा हात तेवढा चालत होता. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या हवं ते, मऊ करून. नळवाले मोठ्या हौसेनं त्याला हिरव्या दाराच्या हॉटेलात घेऊन गेले. एकदाच.

घास ओठांतून परत येत होता. रस्सा हनुवटीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून फरशीवर. पोऱ्या फडकं घेऊन आला, पुसलं, पुन्हा आला. शेजारचं कुटुंब ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर गेलं. आणि नेमका तेव्हाच एक कंत्राटदार आत शिरला. बड्या इमारतींची कामं घेणारा, नळवाल्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक.

"शेठ, तुम्ही इथे? आणि हे कोण?"

नळवाले म्हणाले, "ओळखीचे आहेत. आजारी असतात जरा."

दादाचं डोकं तेव्हा ताटावर झुकलेलं होतं. ते वर आलं नाही. चमचा मात्र डाव्या हातात थांबला, थोडा वेळ तसाच राहिला, मग पुन्हा चालू झाला.

त्यानंतर दादानं चारदा विचारलं, मोजून चारदा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी तो सकाळपासून तयार होऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. केस ओले करून विंचरलेले, गळ्याशी शेवटचं बटण लावलेलं. ते बटण एका हातानं लावायला त्याला अर्धा तास लागायचा, पण तो वहिनीला लावू द्यायचा नाही.

"जायचं का रे धाकट्या?"

आणि धाकटा म्हणायचा, "दादा, आज बंद आहे."

नुसतं 'बंद आहे' म्हणून भागत नाही, हे व्यापाऱ्याला कळतं. माल खपवायचा तर त्याला वजन द्यावं लागतं. म्हणून पहिल्या वेळी पुलाखालच्या हॉटेलची मेन लाईन फुटली. काय फुटलं विचारलं, तर पितळी एल्बो. दादाच्या काळात पितळच विकलं जायचं, म्हणून त्याला पटेल असं पितळ. दादा मान हलवून म्हणाला, "पितळाचं असंच. आतून कुजतं, बाहेरून कळत नाही." आणि बटण काढू लागला. त्यालाही वेळ लागायचा.

तासाभरानं नळवाले पुलाखालच्या हॉटेलात बसून बरगड्या चोखत होते.

३

योगायोग, असं नळवाल्यांनी ठरवलं. एवढं मोठं शहर, हजारो हॉटेलं, लाखो पाईप. एक फुटणारच. राहिला पितळेचा प्रश्न, तर खांबानंच गंमत केली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलंसुद्धा. खांब म्हणाला, "शेठ, तो एल्बो मी तुमच्याच हातात दिला होता. परत कुठे दिलात?"

तो त्यांच्या कोटाच्या खिशात होता. त्यांनी तो काढून दुकानातल्या भंगाराच्या डब्यात टाकला. डबा वाजला. दिवसभर काही ना काही टाकताना तो वाजतच असे, पण त्या दिवसापासून नळवाले दर वेळी दचकू लागले.

पुढच्या बुधवारी ते बाजारातल्या हॉटेलात गेले. 'आज बंद आहे'. पायरीवर आचारी बसला होता, डावा हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला.

नळवाल्यांनी विचारायला नको होतं. विचारलं. "किती बोटं?"

"दोन," आचारी म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. "बोटंच गेली हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

नळवाले काहीतरी बोलून निघाले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी दादाला सांगितलं होतं : बाजारातल्या आचाऱ्यानं सुरीनं दोन बोटं उतरवून घेतली, डाव्या हाताची. दादा हळहळला होता. "मुलंबाळं असतील रे त्याला." तेव्हा नळवाल्यांच्या मनात आलं होतं, झकास जमली थाप. आता त्या पांढऱ्या फडक्यावरचा डाग डोळ्यांसमोरून हटेना. घरी येऊन त्यांनी हात धुतले, साबणानं तीनदा. दादा असताना, त्याला टाळून जेवून आल्यावरही असेच धुवायचे, लिंबू चोळून. दादा डाव्या हातानं त्यांचा हात धरायचा, "ये, बस," म्हणायचा आणि तो हात नाकाजवळून जरा सावकाश खाली न्यायचा. कधी बोलला नाही.

तिसऱ्या बुधवारी ते जेवायला निघालेच नव्हते. फक्त बघायला निघाले होते. सिनेमासमोरच्या हॉटेलची खिडकी काळी झालेली, आत छतापर्यंत काजळी, ओल्या राखेचा वास. मालक रस्त्यावर खुर्ची टाकून बसला होता. पाटी त्याच्या मांडीवर होती, लावायला दार राहिलं नव्हतं.

"शेगडीनं पेट घेतला," तो म्हणाला. "नशीब, माणसं सगळी सुखरूप."

नळवाले वाट बघत उभे राहिले. नको, नको, असं मनात म्हणत उभे राहिले.

"मांजर तेवढं गेलं," मालक म्हणाला.

ते मांजर तर त्यांनी तिसऱ्या थापेत निव्वळ चवीसाठी घातलं होतं. रश्श्यावर कोथिंबीर टाकावी तसं.

४

राहिली एक थाप. चौथी.

ती आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. खरं तर पुलाखाली एल्बो हातात घेतला तेव्हाच ती मनात उठून बसली होती, पण मनाचाही एक पोटमाळा असतो, नको ते सामान माणूस तिथे ढकलतो.

चौथ्या महिन्यात त्यांनी शक्कल लढवली होती. दादानं विचारायच्या आत घराबाहेर पडायचं. अकरालाच निघाले, हिरव्या दाराच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्यानं पोटभर जेवले, तीनला घरी आले. दादा खुर्चीत बसलेला. केस विंचरलेले, बटण लावलेलं. वहिनी म्हणाली, सकाळी आठपासून असेच बसलेत, जेवलेही नाहीत.

"जायचं का रे?"

नळवाल्यांचं पोट तुडुंब, तोंडाला अजून तेलाची चव. घाबरलेला माणूस मोठी थाप मारतो. ते म्हणाले, "दादा, हिरव्या दाराकडे आज भयंकर झालं. एक माणूस जेवता जेवता गेला. घशात हाड अडकून. हॉटेल बंद केलं लगेच."

"अरेरे. कसा होता माणूस?"

विचार करायला वेळ नव्हता. डोळ्यांसमोर जे होतं ते सांगितलं. "साठीचा. अंगानं भरलेला. राखाडी सदरा, खिशाला शाईचा डाग. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता."

दादाची नजर त्यांच्या सदऱ्यावरून खाली गेली. राखाडी सदरा. खिशाला, पेन गळल्याचा डाग. नजर तिथे जरा थांबली.

"सोबत कुणी नव्हतं त्याच्या?"

"नव्हतं. एकटाच होता."

दादा गळ्याचं बटण चाचपू लागला. मग वाकड्या तोंडानं, शब्द एकेक गोळा करत म्हणाला, "मला न्यायचं होतंस रे. एक हात चालतो माझा."

पुढचा बुधवार दादाला बघायला मिळाला नाही.

५

नळवाल्यांनी मटण सोडलं. घरात कुणाचा विश्वास बसेना.

"अहो, तब्येत बरी आहे ना?" बायको म्हणाली. "का कुणी बुवा भेटला?"

"वय झालं आता."

"वय काय बुधवारी दुपारी होतं का एकदम?"

तो राखाडी सदरा त्यांनी फाडून दुकानात पाईप पुसायला दिला. पेन खिशाला लावणं बंद केलं. हिरवं दार ज्या रस्त्यावर होतं तो रस्ता टाळून लांबून जाऊ लागले. हे सगळं करताना आपण मूर्खपणा करतोय हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. भुतंखेतं ते मानत नव्हते. पण भूत मानत नसलेल्या माणसालाही लाज वाटू शकते, आणि लाजेला अंधार लागत नाही. ती भर दुपारी, गिऱ्हाइकाला माल दाखवतानाही येऊन उभी राहते.

दादाला जाऊन वर्ष झालं त्या सुमारास वहिनी खोलीच्या दारात आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"भावजी, एक मागू?"

"मागू काय म्हणता वहिनी. सांगा."

"हिरव्या दाराच्या हॉटेलात न्याल का मला? तुमचे दादा किती बोलायचे त्याच्याबद्दल. जायचं जायचं म्हणायचे आणि दर वेळी मेलं हॉटेल बंद!" ती हसली. "मी चिडायचे तुमच्यावर. तर मलाच म्हणायचे, धाकट्याला काही बोलू नकोस. तो काय करणार? शहरातली हॉटेलंच बंद पडतात."

नळवाल्यांच्या घशाशी सगळं आलं. एवढंच म्हणायचं होतं : हॉटेलं चालू होती. तीन शब्द. बाजारात तासन्‌तास जीभ चालवणाऱ्या माणसाला तीन शब्द जड नसावेत.

"जाऊ ना," ते म्हणाले. "उद्याच जाऊ. तिघंही जाऊ."

तिघं. म्हणजे एकटा नाही. या हिशेबानं त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

"आणि हा घ्या," वहिनीनं कागद उघडला. "सदरा. त्यांनी जायच्या आदल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं, धाकट्याचा खराब झालाय, नवा घे. माझ्याच्यानं वर्षभर बाजारात जाणं झालं नाही. उद्या घालाच."

रंग राखाडी होता.

६

वहिनी सावकाश चालणारी, त्यात रस्त्यात गर्दी. पोचायला अडीच वाजले. हिरवं दार उघडं होतं. दाराच्या काचेवर साखळीला पाटी, नव्या रंगानं लिहिलेली : 'चालू आहे'. नळवाल्यांनी ती दोनदा वाचली. गल्ल्यावर जुन्या मालकाचा जावई बसला होता. नवा माणूस, ओळख ना देख.

हॉटेल भरलेलं होतं. रिकामं टेबल एकच, कोपऱ्यातलं.

"छान आहे की!" बायको म्हणाली. "असे तोंड पाडून काय बसलात? आम्हाला आणलं म्हणून?"

ताटं आली. मटण वाफाळत होतं, नळी वर दिसत होती. वर्षभराची भूक पोटात उठली आणि तिला लाजलज्जा काही नव्हती. तरी त्यांनी हात मांडीवरच ठेवले. वहिनीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिचे डोळे भरून आले.

"त्यांना मिळायला हवं होतं," ती म्हणाली.

"वहिनी," नळवाले म्हणाले, "मला सांगायचंय काहीतरी."

"सांगा ना."

पण तिला पुढे बसवेना. आत धूर होता, दम लागल्यासारखं झालं. बायको उठली. "चला, दोन मिनिटं वाऱ्यावर बसू. तुम्ही बसा हो, ताटं सोडून सगळेच उठलो तर पोऱ्या घेऊन जाईल." दोघी गेल्या. काचेपलीकडे पायरीवर त्यांच्या पाठमोऱ्या आकृती दिसत होत्या.

नळवाले एकटे उरले. त्यांनी ठरवलं, त्या येईपर्यंत हात लावायचा नाही.

शेजारचं टेबल उठलं. मग पलीकडचं. जेवणाची वेळ संपत आली होती, यात वेगळं काय? फरशीवर खुर्च्या ओढल्याचे आवाज, बेसिनचा नळ, मग तोही बंद. वॉशर गेलाय त्याचा, थेंब गळतोय, हे त्यांच्या कानांनी सवयीनं नोंदवलं. पाणी मागवायला त्यांनी हात वर केला तेव्हा बोटांना निळं लागलेलं दिसलं. त्यांनी खिशाकडे पाहिलं. पेन नव्हतं. डाग होता.

जावई गल्ल्यावरून उठला, दाराशी गेला आणि पाटी उलटी केली. तीन वाजले होते, दुपारची सुट्टी. साखळी काचेवर खणखणली. आता आतून अक्षरं नीट वाचता येत होती : 'चालू आहे'.

म्हणजे बाहेरून काय दिसत असेल, हे नळवाल्यांना कळलं.

त्यांनी घास घेतला. का घेतला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भीतीनं घेतला असेल, सवयीनं घेतला असेल. मटण तसंच होतं, चाळीस वर्षांपूर्वीसारखं. मऊ, आणि मऊपणात लपलेलं एक बारीक, टोकदार काहीतरी.

मागे खुर्ची सरकली.

टेबलावरच्या स्टीलच्या तांब्यात हॉटेल वाकडंतिकडं दिसत होतं. त्यात त्यांच्या खांद्यामागे ओले, विंचरलेले केस दिसले. गळ्याशी लावलेलं बटण दिसलं. त्याच्या वर बघायचं धाडस त्यांना झालं नाही. मग पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, एक तळहात टेकला. डावा. दाबला नाही, मारला नाही. नुसता टेकून राहिला, वाट बघत असल्यासारखा.

हवा आत येईनाशी झाली. नळवाल्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

जावई पाण्याचा पेला घेऊन येत होता. दोन पावलांवर थांबला. त्यानं नळवाल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे. कपाळाला आठी घालून, एखाद्या नवख्या माणसानं विचारावं तसं त्यानं साधेपणानं विचारलं,

"शेठ, हे कोण?"

पाठीवरचा हात किंचित उचलला गेला आणि हवेत थांबला.

उत्तर दोन अक्षरांचं होतं. नळवाल्यांनी तोंड उघडलं.